कॅमेऱ्याची पिशवी आणि घरचें ओझें

प्रवासाचा बेत ठरला कीं पूर्वीच्या घरांत पहिली हांक वळकटीला पडे. सतरंजी, तिच्यावर दोन चादरी, मध्यें उशी आणि वरून चामड्याचा पट्टा. मग पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. हें सामान कितीही असलें तरी कोणी काय उचलावयाचें, हें निघण्यापूर्वीं ठरलेलें असे. ट्रंक थोरल्या भावाकडे, तांब्या मुलांकडे, डबा आईच्या मांडीवर. आतां वळकटी गेली, ट्रंकेच्या जागीं चाकांच्या बॅगा आल्या. आणि या नव्या सामानांत एका अशा वस्तूचा प्रवेश झाला आहे कीं तिचें ओझें नेमकें कोण वाहतो, याचा विचार पुष्कळ घरांतून अद्याप झालेला नाहीं. ती वस्तु म्हणजे कॅमेऱ्याची पिशवी.

एवढ्याशा पिशवीवर सबंध लेख कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. आम्हांसही गेल्या वर्षींच्या भाद्रपदापर्यंत असेंच वाटत होतें.

त्या भाद्रपदांत आम्ही घरचीं अकरा माणसें साताऱ्याहून कासच्या पठारावर गेलों. आमच्या थोरल्या पुतण्यास छायाचित्रणाचा नाद आहे, आणि तो वायां गेलेला नाहीं असें त्याचीं चित्रें पाहून परके लोकही म्हणतात. या सहलीसाठीं त्यानें पाठीवर घ्यावयाची एक भली मोठी पिशवी विकत आणली. तींत दोन कॅमेरे, चार लेन्स म्हणजे आपल्या भाषेंत भिंगें, एक फ्लॅश आणि लॅपटॉप; बाहेरून बांधलेला ट्रायपॉड. कप्पा रिकामा दिसला कीं त्यांत कांहीं तरी भरावें, हा मनुष्यस्वभावच आहे. निघण्यापूर्वीं पिशवी वजनकांट्यावर ठेवली तेव्हां ती ११ किलोंची भरली, आणि आम्ही सर्वांनीं तिचें कौतुकच केलें.

गाडींत अर्थातच ही पिशवी मागें, सर्व सामानाच्या तळाशीं गेली. पठारावर पोहोंचलों तेव्हां पाऊस नुकताच थांबला होता. तेरड्याचा गुलाबी रंग, सोनकीचा पिवळा, आणि पाणथळ जागीं सीतेच्या आसवांचा निळा. वर क्षणभर ऊन. आमच्या आत्याबाई ८१ वर्षांच्या. आजोबा मेढ्यास शाळामास्तर असतांना त्यांचें बालपण याच मुलखांत गेलेलें. त्या वाटेच्या कडेला कातळावर टेकल्या आणि दोघी नातींना किडे खाणारी दवबिंदूची वनस्पति बोटानें दाखवूं लागल्या. तिच्या चिकट केंसांवर एक चिलट अडकलें होतें. धाकट्या नातीचें तोंड आश्चर्यानें उघडें राहिलें.

पुतण्या धांवतच गाडीकडे गेला. वरच्या सहा बॅगा उतरल्या, दोन बक्कलें सुटलीं, दोन चेनी उघडल्या, एका कॅमेऱ्याचें भिंग काढून दुसरें लागलें. आणि तो परतला तेव्हां पठारावर धुकें उतरलें होतें व आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. तो प्रसंग टिपला धाकट्या सूनबाईंनीं, कमरेच्या लहानशा पिशवींतून काढलेल्या मोबाइलवर. चित्र फार मोठें करतां येत नाहीं. परंतु आत्याबाईंचें बोट आणि नातीचें उघडें तोंड त्यांत आहे, आणि आज आमच्या दिवाणखान्यांत तेंच लागलेलें आहे.

परततांना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. पुतण्याच्या पाठीवर पिशवी, गळ्यांत कॅमेरा, हातांत ट्रायपॉड. त्याचा मुलगा थोरल्या वहिनींच्या कडेवर, त्याची छत्री व पाण्याच्या बाटल्या सूनबाईंच्या हातांत, आणि आत्याबाईंना हात द्यावयास कोणीच मोकळें नाहीं. गाडींत बसल्यावर आत्याबाई त्यास म्हणाल्या, "अरे, तुझं ओझं तूं उचललंस खरं, पण तुझ्या वांट्याचं ओझं कोणी उचललं, तें पाहिलंस का?" तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. कारण ती पिशवी घेण्यास पैसे आम्हींच दिले होते.

छायाचित्रणाचा इतिहास चाळला तर हा प्रश्न नवा नाहीं असें दिसतें. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ ते १८६६ या काळांत हिमालयांत तीन वेळां गेला. शेवटच्या खेपेस त्यानें अठरा हजार फुटांहून उंच अशा मणिरंग खिंडींतून चित्रें घेतलीं. त्या काळीं कांचेवर कलोडियनचा ओला थर द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वींच चित्र घ्यावयाचें आणि तेथल्या तेथें धुवावयाचें, अशी पद्धति होती. त्यामुळें काळोखाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि कांचांच्या पेट्या हा सारा संसार बरोबर न्यावा लागे, व तो वाहावयास हमालांचा तांडा असे. चित्रांखालीं बोर्नसाहेबाचें नांव राहिलें. हमालांचीं नांवें राहिलीं नाहींत.

याच्या उलट उदाहरण जर्मनींतील ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाचें. त्यास दम्याचा विकार होता, आणि डोंगरांत हिंडतांना कांचांचा जड कॅमेरा त्यास पेलवेना. त्यानें हमाल शोधला नाहीं. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा लहानसा कॅमेराच घडविला. हाच कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लायका या नांवानें लोकांपुढें आला, आणि पुढें जगांतल्या छायाचित्रणाची रीतच त्यानें पालटली. ओझें वाहण्याची युक्ति शोधण्यापेक्षां ओझें कमी करण्याची युक्ति शोधणें अधिक फलदायी ठरलें, हा यांतील बोध.

या पौषांत आत्याबाईंची काशीयात्रा ठरली. त्यांच्या वयाकडे पाहून विमानानें जावयाचें ठरलें, आणि पुन्हां पिशवीचा प्रश्न उभा राहिला. या वेळीं मात्र काका-पुतण्यांनीं मिळून तो मुळापासून सोडविला. त्यांत जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट अशी कीं दुकानांत जाण्यापूर्वीं घरांत सतरंजी अंथरावी, बरोबर न्यावयाचें सर्व सामान तिच्यावर मांडावें, आणि प्रत्येक वस्तु स्वयंपाकघरांतील कांट्यावर तोलून आंकडा कागदावर लिहावा. आमचा कागद असा झाला: कॅमेरा सुमारें ६५० ग्रॅम, रोजच्या वापराचें भिंग ८०० ग्रॅम, दूरचें टिपणारें मोठें भिंग १,४०० ग्रॅम, फ्लॅश ४०० ग्रॅम, ट्रायपॉड १,६०० ग्रॅम, लॅपटॉप १,४०० ग्रॅम. आणि जिचा कोणी विचारच करीत नाहीं ती रिकामी पिशवी २,३०० ग्रॅम! आपल्या देशांतील बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर जवळ बाळगावयास ७ किलोंचें सामान देतात. त्यांतला तिसरा हिस्सा पिशवीच खाऊन टाकीत होती. म्हणून पिशवीवर लिहिलेली किंमत पाहण्यापूर्वीं तिचें रिकामें वजन विचारावें. दुकानदारास तें सांगतां आलें नाहीं, तर तोलून पाहावयास संकोच करूं नये.

मग प्रत्येक वस्तूस एकच प्रश्न विचारावा: मागच्या प्रवासांत तुझा उपयोग किती वेळां झाला? कासला नेलेल्या चार भिंगांपैकीं दोन पिशवीबाहेरही आलीं नव्हतीं. जें सामान या परीक्षेंत उतरेल तेवढेंच मावेल, व वर एक शाल आणि पाण्याची बाटली बसेल, अशी पिशवी पाहावी. पुढेंमागें लागेल म्हणून मोठी घेऊं नये. घरांतील रिकामा कोनाडा जसा अडगळ ओढून घेतो, तशीच मोठी पिशवी सामान ओढून घेते.

पिशव्यांचे मुख्य प्रकार तीन. एका खांद्यावर लटकणारी पिशवी उघडावयास सर्वांत सोपी; लग्नमुंजींत, शहरांतील फेरफटक्यांत ती उत्तम. परंतु सारा भार एकाच खांद्यावर येतो, आणि दोन तासांत मनुष्य एका बाजूस कलून चालूं लागतो. तींत तीन किलोंहून अधिक घालूं नये, असा आमचा अनुभव. दुसरी, छातीवरून तिरक्या पट्ट्यानें पाठीशीं बसणारी. ती चालतांना मागें राहते आणि काम पडतांच फिरवून पुढें घेतां येते. एक कॅमेरा व दोन भिंगें नेणाऱ्यास ही फार सोयीची. तिसरी, दोन्ही खांद्यांवरून पाठीवर घ्यावयाची. गड चढावयाचा असेल किंवा भार चार किलोंहून अधिक असेल, तर हिला पर्याय नाहीं. पण ती खालीं ठेवल्याशिवाय बहुधा उघडतां येत नाहीं, हा तिचा दोष. कांहींना बाजूनें उघडणारा लहान दरवाजा असतो, त्यानें हा दोष पुष्कळसा कमी होतो.

पाठीवरची पिशवी घेणारानें तिच्या कमरपट्ट्याकडे विशेष लक्ष द्यावें. हा पट्टा शोभेचा नव्हे. तो कमरेच्या हाडांवर नीट बसला तर बराच भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो, आणि पाय तो भार सहज वाहतात. नुसती फीत असलेला अरुंद पट्टा हें काम करीत नाहीं. तो रुंद व आंतून मऊ हवा. तसेंच जड वस्तु पाठीच्या कण्याशीं लगटून मध्यावर ठेवाव्यात. त्या बाहेरच्या अंगास ठेवल्या तर पिशवी मागें ओढते व मनुष्यास पुढें वांकून चालावें लागतें.

दुकानांत जातांना आपलें सर्व सामान बरोबर न्यावें. पिशवी भरून, पाठीवर घेऊन जिना चढावा व उतरावा. रिकामी पिशवी प्रत्येकाच्या पाठीवर शोभतेच! मग तिचे टांके पाहावेत. विशेषतः जेथें पट्टा पिशवीस जोडलेला असतो तेथें शिवण दुहेरी व तिरकी आहे कीं नाहीं तें ओढून पाहावें. कापडावर डेनियरचा आंकडा लिहिलेला असतो. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचें ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचा डेनियर. आंकडा मोठा तितका धागा जाड. तळाचें कापड अंगाच्या कापडाहून जाड असावें, कारण ओल्या जमिनीवर टेकतो तो तळच. चेन दहा-बारा वेळां उघडझांप करून पाहावी. हजारों रुपयांचें यंत्र जिच्या भरंवशावर असतें ती चेन कोपऱ्यावर अडखळत असेल, तर ती पिशवी तेथेंच ठेवून यावें.

बारीक गोष्टी आणखी तीन. आंतलें अस्तर फिक्या रंगाचें असावें. काळ्या अस्तरांत भिंगाचें काळें झांकण संध्याकाळीं सांपडत नाहीं. पुढील झांकणास वेल्क्रो नसावा. भिगवणच्या पाण्यावर नावेंत बसून पक्ष्यांची वाट पाहणाऱ्यास त्याचा चरचर आवाज किती घातक आहे हें सांगावयास नको. आणि पिशवीवर कॅमेऱ्याच्या कंपनीचें नांव ठळक नसावें. गर्दीच्या फलाटावर आंत काय आहे याची जाहिरात आपणच कशाला करावी? ज्या पिशवीची मुख्य चेन पाठीच्या बाजूस असते, ती घातली असतांना मागून कोणास उघडतां येत नाहीं. रेल्वेनें व यात्रेच्या ठिकाणीं जाणाऱ्यानें हा गुण अवश्य पाहावा.

विमानानें जाणाऱ्यानें बॅटऱ्यांचा नियम लक्षांत ठेवावा. लिथियमच्या जादा बॅटऱ्या व पॉवर बँक मोठ्या बॅगेंत घालून विमानाच्या पोटांत पाठवितां येत नाहींत. त्या जवळच ठेवाव्या लागतात. कारण सरळ आहे: त्यांचीं टोकें धातूस लागून पेट घेतला तर बसलेल्या माणसांजवळ तो विझवितां येतो, तळघरांत येत नाहीं. म्हणून प्रत्येक बॅटरी तिच्या डबींत किंवा वेगळ्या पिशवींत ठेवावी. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस कंपनीची वेगळी परवानगी लागत नाहीं. व्होल्टचा आंकडा ॲम्पियर-तासांनीं गुणला कीं वॉट-तास निघतात, कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट व २ ॲम्पियर-तासांची बॅटरी १५ वॉट-तासांच्याही खालीं राहते, म्हणून चिंतेचें कारण नाहीं.

आतां कासच्या सहलीचें राहिलेलें प्रायश्चित्त सांगावयास हवें. घरीं आल्यावर पिशवी बाहेरून पुसून माळ्यावर गेली ती दिवाळीस खालीं आली. पुतण्यानें मोठें भिंग उजेडाकडे धरलें, तों आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक तंतु! ती बुरशी होती. दुरुस्तीनें जाळें गेलें, पण भिंगावरील मुलाम्यावर तिचा डाग कायमचा राहिला. हवेंतील दमटपणा ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला कीं बुरशीस फावतें. मग पावसाळ्यांत ओल्या फोमच्या बंद पिशवींत तिला काय कमी? म्हणून हें सूत्र घरांतील सर्वांनीं पाठ करावें: पिशवी ही कॅमेऱ्याची धर्मशाळा आहे, घर नव्हे. प्रवासाहून येतांच सर्व सामान बाहेर काढावें, कप्पे उलगडून पिशवी पंख्याखालीं दोन दिवस वाळवावी, आणि कॅमेरा घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. डब्यांतील दमटपणा ४० ते ५० टक्के असावा. तो दाखविणारें लहान मापक बाजारांत मिळतें. सिलिकाचे निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात, व तापविले कीं पुन्हां निळे होतात. त्या निळ्या रंगांत कोबाल्टचें विषारी संयुग असतें. तेव्हां पुडी मुलांच्या हातीं लागूं देऊं नये व स्वयंपाकाच्या भांड्यांत तापवूं नये.

पिशवीसही आयुष्य असतें. आपल्याकडील दमट उष्ण हवेंत फोम कांहीं वर्षांनीं चिकट होऊन त्याचा भुगा पडूं लागतो, आणि तो भुगा कॅमेऱ्यांत शिरतो. पिशवीच्या कोपऱ्यांत असे कण दिसूं लागले कीं कितीही प्रिय असली तरी तिला निरोप द्यावा.

असो. काशीसाठीं पुतण्यानें शेवटीं छातीवरून तिरकी घ्यावयाची लहान पिशवी निवडली. रिकामी ९०० ग्रॅम. आंत एक कॅमेरा, दोन लहान भिंगें, दोन जादा बॅटऱ्या व एक मऊ फडकें. सारें मिळून ३ किलोंच्या आसपास. मोठी पिशवी पाहून तो एक वेळ थबकला, हें आम्हीं पाहिलें. पण त्यानें ती कपाटांतच ठेवली.

काशीस पहांटे धुकें होतें. अहिल्याबाईंच्या घाटापासून भोसले घाटापर्यंत आम्ही नावेंतून गेलों. मणिकर्णिकेसमोरून जातांना त्यानें कॅमेरा आपण होऊन पिशवींत ठेवला. तेथें चित्र घेणें योग्य नव्हे, हें त्यास कोणी सांगावें लागलें नाहीं. विश्वनाथाच्या मंदिरांत कॅमेरा नेतां येत नाहीं, म्हणून त्या दिवशीं पिशवी उतरण्याच्या जागींच राहिली; आणि ती लहान असल्यामुळें खोलींतल्या कपाटांत कुलूप लावून ठेवतां आली. दूरचें भिंग नसल्यामुळें पैलतीरावरील पक्ष्यांचा थवा हुकला, याची त्यास थोडी हुरहूर लागली. तीही येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

परंतु नावेंतून उतरल्यावर घाटाच्या पायऱ्या चढतांना त्याचे दोन्ही हात मोकळे होते. एका हातांत आत्याबाईंची पिशवी होती, दुसरा हात त्यांनीं धरला होता. मध्यें एका पायरीवर त्या दम खावयास बसल्या, नदीकडे पाहून हंसल्या, आणि तेवढ्यांत त्यानें पिशवी पुढें फिरवून तें चित्र घेतलें. मग कॅमेरा आंत ठेवून पुन्हां हात पुढें केला.

"जड नाहीं ना रे झालं?" आत्याबाईंनीं विचारलें.

"नाहीं, आत्याआजी," तो म्हणाला. त्या पिशवीविषयीं विचारीत होत्या कीं स्वतःविषयीं, हें आम्हांस कळलें नाहीं; पण उत्तर दोहोंसही खरें होतें.